निंदा, प्रशंसा आणि आपली चळवळ

माणसाला स्तुती गोड लागते आणि निंदा झोंबते, हे सांगायला कोणा पंडिताची गरज नाही. पण ही स्तुती कोणी केली, कशाच्या बदल्यात केली. ही निंदा कोणत्या जागेवरून झाली आणि तिने काय झाकले गेले, असे प्रश्न विचारू लागलो की विषय नुसत्या मानवी स्वभावाचा उरत नाही. तो सामाजिक इतिहासाचा विषय होतो. आपल्या चळवळीच्या इतिहासात या विषयाला फार मोठी जागा आहे. तिच्याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते. चळवळीतील फुटी, साहित्यातील वाद, कार्यकर्त्यांचे रुसवे यांची कारणे आपण वैचारिक मतभेदात शोधतो. ती तेथे असतातही. पण मतभेदाचे वैर कधी होते? मत खोडले गेले की माणूस खोडला गेला असे वाटू लागते तेव्हा. आपल्या परंपरेत याचा विचार झालेला आहे आणि तो आचरणातूनही दिसतो. तो येथे मांडायचा आहे.

१

दीघनिकायातील पहिले सूत्र ब्रह्मजाल सूत्र. त्याची सुरुवात याच विषयाने होते. भगवान बुद्ध भिक्षुसंघासह राजगृहाहून नालंदेकडे निघाले आहेत. त्याच वाटेने सुप्पिय नावाचा परिव्राजक आणि त्याचा तरुण शिष्य ब्रह्मदत्त मागून चालले आहेत. गुरू वाटभर बुद्धाची, धम्माची आणि संघाची निंदा करतो. शिष्य तितक्याच आवेशाने स्तुती करतो. मुक्कामाच्या ठिकाणी भिक्षूंमध्ये त्यावर चर्चा होते. तेव्हा बुद्ध त्यांना जे सांगतात ते मोठे व्यवहारी आहे. कोणी माझी निंदा केली म्हणून तुम्ही रागावलात, तर त्यात तुमचेच नुकसान आहे. कारण रागावलेल्या माणसाला समोरच्याचे बोलणे बरोबर आहे की चूक हे कळत नाही. जे खोटे असेल ते खोटे का, हे समजावून सांगा. कोणी स्तुती केली तर हुरळून जाऊ नका; जे खरे असेल तेवढे खरे म्हणून माना.

यात निंदा सोसण्याचे पुण्य सांगितलेले नाही. गप्प बसा, असेही सांगितलेले नाही. राग आणि हुरळणे या दोन्हींनी विवेक आंधळा होतो, एवढाच मुद्दा आहे. निंदा आणि प्रशंसा ही बौद्ध विचारात आठ लोकधर्मांतील एक जोडी आहे. लाभ-अलाभ, यश-अपयश, सुख-दुःख यांच्याप्रमाणे ती प्रत्येकाच्या वाट्याला येते. ती आली की तिचे काय करायचे, हाच प्रश्न उरतो.

२

मात्र हा उपदेश जातिव्यवस्थेच्या समाजात जसाच्या तसा लागू करताना थांबावे लागते. सुप्पियाने बुद्धाची निंदा केली, ती एका विचारवंताने दुसऱ्याची केलेली निंदा होती. अस्पृश्याच्या वाट्याला जी निंदा आली ती त्याच्या मताची नव्हती, जन्माची होती. तिच्यात खरे किती आणि खोटे किती हे तपासण्यासारखे काहीच नव्हते. शिवाय या समाजात ‘अहंकार’ हा आरोपही जात पाहून ठेवला जातो. वरच्या जातीचा माणूस नीटनेटका राहिला तर तो टापटिपीचा. खालच्या जातीचा तसा राहिला तर गावात एकच शब्द निघतो : ‘माजलेत.’

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या आपल्या १९३६ सालच्या भाषणात याची उदाहरणे नोंदवली आहेत. इंदूर भागातील काही खेड्यांतील सवर्णांनी १९२८ साली बलाई या अस्पृश्य जातीवर नियम लादले. बलाईंनी जरीकाठी पगडी घालू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये; त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत; मान्य नसेल तर गाव सोडावे. जयपूर संस्थानातील चकवारा या गावी तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या जातभाईंना जेवण दिले आणि पानात तूप वाढले. सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारले. ही घटना १९३६ सालची. तूप खाण्याची ऐपत असणे हाच गुन्हा होता.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पगडी, तूप, स्वच्छ कपडा, पाठीचा ताठ कणा ही अस्मिता आहे. तिला अहंता म्हणणे हा सत्तेचा डाव आहे आणि तो आपण ओळखलाच पाहिजे. पण डाव ओळखता आला म्हणून आपल्यात अहंता नसते असे सिद्ध होत नाही. पिढ्यान्पिढ्या शिव्याच ऐकलेल्या समाजात पहिल्या स्तुतीची नशा इतरांपेक्षा लवकर चढते. पहिली शाल, पहिला सत्कार, वर्तमानपत्रातला पहिला फोटो यांचा मोह आपल्याला जास्त, कारण त्यांची उपासमार आपल्या वाट्याला जास्त आली. मी हे दूषण म्हणून लिहीत नाही. पण कारण समजले तरी परिणाम टळत नाही, आणि परिणाम चळवळीला भोगावे लागतात.

३

महात्मा जोतीराव फुले यांच्या आयुष्यात स्तुती आणि निंदा या दोन्ही भरपूर आल्या. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा शेण-धोंडे आले. त्यानंतर चारच वर्षांनी, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते शालजोडी देऊन त्यांचा गौरव झाला. पंचविशीतल्या माळ्याच्या मुलाला पेशव्यांच्या पुण्यात सरकारी शालजोडी मिळाली! दुसरा कोणी असता तर ती शाल पांघरून उरलेले आयुष्य काढले असते. पण पुढे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद असताना जोतीरावांनी व्हाइसरॉय लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त होणाऱ्या स्वागताच्या खर्चाला विरोध केला. तो पैसा शिक्षणावर खर्च करा, म्हणाले. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्याच सरकारला बजावले, की रयतेच्या करातून उभा राहिलेला पैसा वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर जातो. शाल देणाऱ्याचे मिंधे होणे त्यांना माहीत नव्हते.

आता निंदा पाहू. ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या ‘निबंधमाले’त जोतीरावांच्या लेखनावर आणि सत्यशोधक समाजावर टीका केली. त्या टीकेत टवाळीचा मोठा भाग जोतीरावांच्या भाषेचा आणि व्याकरणाचा होता. शेतकऱ्याचे पोर उपाशी का, शूद्रातिशूद्रांना विद्या का नाकारली, या प्रश्नांना विभक्तिप्रत्ययांच्या चुका काढून उत्तर दिले गेले. ही टीकेची एक जुनी आणि पक्की रीत आहे. बोलणाऱ्याची जीभ सदोष ठरवली की त्याने काय म्हटले ते ऐकण्याची जबाबदारी टळते.

जोतीरावांनी यावर व्याकरणाची शिकवणी लावली नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी १८८३ साली पुरा केला, तो त्याच रोखठोक बोलीत आणि अधिक तपशिलाने. शेतसारा, कुलकर्ण्याची कागदपत्रे, पाटबंधारे, जनावरांचा चारा, कर्ज, गोऱ्या अंमलदारांची बेफिकिरी हे सगळे त्यात आले. टीकेने त्यांची भाषा बदलली नाही. पुरावा मात्र वाढवला.

त्याहून अवघड परीक्षा १८८५ साली झाली, कारण ती सन्मानाची होती. पुण्यात भरणाऱ्या मराठी ग्रंथकार सभेला यावे, असे न्यायमूर्ती रानडे यांचे निमंत्रण आले. ज्याच्या व्याकरणाची टवाळी झाली होती त्याला आता ग्रंथकार म्हणून पंक्तीत पाट मांडला जात होता. पण जोतीरावांनी पत्र लिहून नकार दिला. जे लोक सर्वांचे मानवी हक्क उघडपणे मान्य करीत नाहीत आणि वागणुकीतही देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. हे पत्र आपण दलित साहित्याचे आद्य घोषणापत्र म्हणून वाचतो, ते योग्यच आहे. मी ते आणखी एका दृष्टीने वाचतो. मिळालेल्या मानाची किंमत विचारणारे ते पत्र आहे. जोतीरावांना स्वतःला खुर्ची मिळत होती. ज्यांच्यासाठी ते लिहीत होते त्यांना ती मिळत नव्हती.

२ मार्च १८८८ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी पुण्यात मेजवानी दिली. जोतीराव तेथे गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि राणीच्या मुलाला म्हणाले, की या दागिन्यांनी मढलेल्या लोकांवरून देशाची कल्पना करू नका. खरी प्रजा पाहायची तर खेड्यात जा. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवी येथील सभेत विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांच्या हस्ते त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण झाली. ती त्यांनी नाकारली नाही. म्हणजे जोतीराव काही मान-सन्मानाचा विटाळ मानणारे वैरागी नव्हते. ज्या लोकांसाठी राबलो त्यांनी कृतज्ञतेने दिलेले त्यांनी घेतले. पण पदवी मिळाली म्हणून काम संपले नाही. काही आठवड्यांतच पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला. तेव्हा डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाल्यावर, १८९१ साली ते प्रसिद्ध झाले.

४

जोतीराव शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात मेजवानीला गेले. बाबासाहेब सुटाबुटात वावरले. दोन वेष परस्परविरुद्ध, पण त्यांमागचा युक्तिवाद एकच. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेके घेणारे, बऱ्या परिस्थितीतले गृहस्थ होते. त्यांनी अंगावर आणले ते दरबारात नसलेल्या शेतकऱ्याला. बाबासाहेब ज्या समाजात जन्मले त्याला चांगला कपडा घालण्याचीच बंदी होती. त्यांनी ती बंदी अंगावरच मोडली. बाबासाहेबांच्या पोशाखाला डौल म्हणून हसणाऱ्यांनी बलाईंची पगडी आठवावी.

बाबासाहेबांवरचा अहंतेचा आरोप मात्र पोशाखापुरता नव्हता. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांना देऊ केले होते. सुधारक हिंदूंच्या परिषदेत अस्पृश्य अध्यक्ष हा त्या काळी मोठाच मान होता. भाषण छापून तयार होऊ लागले तेव्हा मंडळाने काही भाग गाळण्याची सूचना केली, विशेषतः वेदप्रामाण्यावरचा आणि धर्म सोडण्याविषयीचा. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी एप्रिल १९३६ मध्ये कळवले. परिषद रद्द झाली. त्यांनी भाषण स्वखर्चाने छापले, प्रती १५००, किंमत आठ आणे.

जुलै १९३६ मध्ये महात्मा गांधींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिले. त्या लिखाणात स्तुती आणि टीका यांचे विलक्षण मिश्रण आहे. कोणाही सुधारकाला या भाषणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही, असे त्यांनी म्हटले. भाषण नाकारण्यात स्वागत मंडळाची चूक झाली, असेही म्हटले. किंमत दोन आणे, निदान चार आणे तरी करावी असे सुचवले. आणि जाता जाता हेही लिहिले, की डॉ. आंबेडकर हे आपला विसर पडू देणारे गृहस्थ नव्हेत.

हे शेवटचे वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे. पण त्याने वाचकाचे लक्ष जातीवरून उचलून लेखकाच्या हेतूवर नेऊन ठेवले. बाबासाहेबांनी त्याचे काय केले? १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींचे लेख जसेच्या तसे छापले आणि त्यांच्याखाली आपले उत्तर दिले. आपल्यावरची टीका आपल्याच पुस्तकात, आपल्याच खर्चाने, एकही शब्द न गाळता! ज्यांनी त्यांचे शब्द गाळू पाहिले त्यांना यापेक्षा सणसणीत उत्तर कोणते? हेतूच्या आरोपाला उत्तरात त्यांनी थोडीच जागा दिली. प्रसिद्धीची मला हाव नाही, आहे तीच माझ्या गरजेपेक्षा जास्त आहे, असे सांगितले. पण त्याच दमात असेही विचारले, की समजा, प्रसिद्धीसाठीच छापले. तरी माझ्यावर दगड मारण्याचा अधिकार कोणाला? काचेच्या घरात राहणाऱ्या महात्म्याला तर खासच नाही. आणि मग ते मूळ मुद्द्याकडे वळले : शास्त्रे प्रमाण मानायची की नाही, वर्ण आणि जात यांत फरक तो कोणता, संतांनी जातिव्यवस्थेवर हल्ला केला काय.

या उत्तरात राग नाही असे मी म्हणणार नाही. काचेच्या घराचा टोला चांगला बसणारा आहे, आणि बाबासाहेबांचा स्वभाव टोला परतवणारा होता. पण रागाने त्यांचे कान बंद झाले नाहीत. गांधीजींचा प्रत्येक आक्षेप त्यांनी वेगळा काढला, त्याचा अर्थ लावला आणि मग खोडला. वाचकापुढे दोन्ही बाजू ठेवल्या. ब्रह्मजाल सूत्रात सांगितलेली रीत यापेक्षा वेगळी नाही.

स्तुतीबाबतही त्यांची भूमिका लेखी आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात गोखले स्मारक मंदिरात, डेक्कन सभेच्या निमंत्रणावरून, त्यांनी रानड्यांच्या जयंतीनिमित्त भाषण केले. जयंतीच्या व्यासपीठावर त्यांनी विभूतिपूजेचाच प्रश्न घेतला. थोर माणसाविषयी आदर वाटणे एक आणि त्याच्या पायाशी बुद्धी गहाण टाकणे दुसरे, हा भेद त्यांनी केला. एकाला महात्मा म्हटले की दुसऱ्याला कायदे आझम व्हावेसे वाटते, अशा चढाओढीत राजकारण कसे अडते, हे गांधी आणि जीना यांची नावे घेऊन सांगितले. वृत्तपत्रे पुढाऱ्यांच्या स्तुतीचे भाट झाली आहेत असे म्हणण्यासही ते कचरले नाहीत. काँग्रेसच्या पत्रांनी अर्थातच झोडपले. त्या झोडपण्याला पुस्तकाच्या प्रस्तावनेत उत्तर देऊन त्यांनी भाषण पुन्हा जसेच्या तसे छापले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात धर्मातील भक्ती आणि राजकारणातील भक्ती यांविषयी त्यांनी दिलेला इशारा आपल्या सर्वांना पाठ आहे. त्याच भाषणाचा सुरुवातीचा भाग मात्र आपण क्वचितच वाचतो. सभागृहात अनेक सदस्यांनी त्यांच्यावर स्तुतिसुमने उधळली होती. बाबासाहेब म्हणाले, मला दिले जाणारे श्रेय खरे तर माझे एकट्याचे नाही. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांनी केलेला कच्चा मसुदा, मसुदा समितीतील सहकारी, आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी व त्यांचा कर्मचारीवर्ग यांचा त्यांनी नावानिशी वाटा सांगितला. आयुष्यभर ज्याला श्रेय नाकारले गेले, त्याने श्रेयाची सर्वात मोठी घटका आली तेव्हा ते वाटून दिले. हे विनयाचे प्रदर्शन नव्हते. हिशेब चोख ठेवणे होते. खरे तेवढेच खरे मानण्याची ही रीत.

५

आता आपल्याकडे वळू. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्यानंतर ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ (१९६३), ‘गोलपिठा’ (१९७२), ‘बलुतं’ (१९७८) ही पुस्तके आली आणि मराठी वाङ्मयाला त्यांची दखल घ्यावीच लागली. प्रस्थापित समीक्षेने दोन प्रकारची विशेषणे वापरली. स्तुतीची : दाहक, अस्सल, जिवंत. निंदेची : एकसुरी, आक्रस्ताळे, प्रचारकी. मला या दोन याद्यांत फारसे अंतर दिसत नाही. अनुभव दाहक आहे म्हटले की तो भाजतो कोणामुळे हे विचारण्याची गरज उरत नाही. प्रचारकी म्हटले तरीही ती उरत नाही. निबंधमालेतील व्याकरणाचीच ही सुधारलेली आवृत्ती आहे. पण आपण काय केले? पहिली यादी पुस्तकांच्या मलपृष्ठांवर छापली आणि दुसरीला ‘मनुवादी’ म्हणून मोडीत काढले. दोन्ही याद्यांना तोच एक प्रश्न विचारायला हवा होता : तुमचे उत्तर कोठे आहे?

बाहेरच्यांच्या टीकेचे हे झाले. घरातल्या टीकेबाबत आपला इतिहास अधिक दुखरा आहे. १९५७ साली स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष १९५९ साली ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ असा फुटला. १९७२ साली उभी राहिलेली दलित पँथर १९७४ साली दुभंगली. मार्क्स आणि बुद्ध हा वाद खरा होता, मोलाचा होता. तो आणखी वीस वर्षे चालला असता तरी चळवळ श्रीमंतच झाली असती. पण वादाची भाषा बघता बघता मुद्द्यावरून माणसावर गेली. कोण विकला गेला, कोण मोठा झाला, कोणाचा फोटो आला, यातच शक्ती खर्ची पडली.

घरातली सर्वात अवघड टीका स्त्रियांनी केली. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्यांनी सवर्णांच्या जाचाबरोबर आपल्याच घरातील सुनांचा छळ मांडला आणि शिकून पुढे गेलेल्या पिढीला खडे बोल सुनावले. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचे काम नोंदवले. त्या नावातला ‘ही’ आपल्या इतिहासलेखनावरची टीका आहे. आपण या पुस्तकांचे कौतुक केले. सत्कार केले. पण घरातल्या आणि संघटनेतल्या वागणुकीचा जो जाब त्यांनी विचारला, त्याला लेखी उत्तर किती जणांनी दिले? आपणही दाहक, अस्सल म्हणून मोकळे झालो. प्रस्थापितांची विशेषणे आपल्याही उपयोगी पडली.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी निराशा बोलून दाखवली. शिकून हे समाजाची सेवा करतील अशी आशा होती. पण पोट भरणाऱ्या कारकुनांची गर्दी दिसते, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ही आपल्यावरची सर्वात मोठी टीका. आपण तिचे काय केले? तिचा फलक केला. दरवर्षी १४ एप्रिलला ती वक्ता सांगतो, श्रोते टाळ्या वाजवतात. वक्ता शिकलेला, श्रोते शिकलेले. आणि प्रत्येकाला वाटते की हे शेजारच्या खुर्चीतल्याविषयी आहे. निंदेलाही टाळ्या मिळू लागल्या की तिचे विष निघून जाते, तसे औषधही निघून जाते.

यावर उपाय म्हणून नम्रतेची प्रवचने मी सुचवणार नाही. आपल्याला नम्र करण्याचे काम या समाजाने फार केले. मला एक साधी, करता येण्याजोगी गोष्ट सुचते. आपल्या नियतकालिकांनी, संघटनांनी, लेखकांनी १९३७ ची रीत उचलावी. आपल्यावरची गंभीर टीका, मग ती बाहेरची असो की घरातली, पूर्ण छापावी. तिच्याखाली मुद्देसूद उत्तर द्यावे. हेतूच्या आरोपाला दोन ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नये. आणि जेथे टीका खरी असेल तेथे ती मान्य आहे असे नोंदवावे. सत्कार जरूर घ्यावा. पण घेताना १९४९ च्या भाषणाप्रमाणे ज्यांच्या कष्टावर तो उभा आहे त्यांची नावे सांगावीत : वस्तीतल्या ज्या बाईने सभेच्या भाकऱ्या भाजल्या तिच्यापासून. आणि तो देणारा आपल्याला कोणता प्रश्न विचारू नका म्हणतो आहे, हे १८८५ च्या पत्राप्रमाणे आधी विचारावे.